बधिरता ओसरत नाही तेव्हा

दाताच्या दवाखान्यातून घरी परतताना खालचा ओठ जड झालेला असतो, बोलणे थोडे बोबडे होते, पाणी पिताना दोन थेंब हनुवटीवर ओघळतात. तीन-चार तासांत हे सारे ओसरते आणि रात्रीच्या जेवणापर्यंत आपण ते विसरूनही जातो. बहुतेकांचा अनुभव एवढाच असतो. क्वचित एखाद्याच्या बाबतीत मात्र दुसरा दिवस उजाडतो, आठवडा उलटतो, तरी ओठ किंवा जीभ जागी होत नाही. कालांतराने त्या बधिर भागात मुंग्या येऊ लागतात, जळजळ सुरू होते. आपल्याला नेमके काय झाले आहे हे कोणाला समजावून सांगावे, हाच त्या व्यक्तीपुढचा पहिला प्रश्न असतो. आज याच दुर्मीळ, पण झाल्यास माणसाला आतून पोखरणाऱ्या त्रासाविषयी आपल्याशी बोलावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या दवाखान्यात एक निवृत्त शिक्षिका आल्या. वय सदुसष्ट. गावातल्या दोन पिढ्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या, त्यामुळे त्यांना सारे ‘बाई’ म्हणत. मीही तसेच म्हणत असे. चार दिवसांपूर्वी खालच्या उजव्या दाढेच्या रूट कॅनालसाठी त्यांना भुलेची सुई दिली होती. ‘‘सुई टोचली तेव्हा विजेचा झटका बसावा तशी कळ जिभेच्या शेंड्यापर्यंत गेली, डॉक्टर. तेव्हापासून जिभेची उजवी बाजू माझी राहिलीच नाही,’’ त्या म्हणाल्या. मी जीभ बाहेर काढावयास सांगितली, टॉर्चच्या उजेडात पाहिली, ती निरोगी दिसली. ‘‘जाईल चार दिवसांत,’’ असे सांगून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या लिहून दिल्या. कापसाच्या बोळ्याने जिभेच्या दोन्ही बाजूंना स्पर्श करून पाहण्यास अर्धे मिनिट लागले असते. ते मी केले नाही.

तीन आठवड्यांनी त्या पुन्हा आल्या तेव्हा बधिरतेबरोबर जळजळही होती. घरी सर्वांनी एव्हाना ‘मनावर घेऊ नका’ असे सांगून झाले होते आणि माझ्याही मनात वयाचा, मनःस्थितीचा विचार येऊन गेला होता. पाचव्या महिन्यात त्यांनी दुसऱ्या गावी जाऊन शेजारची दाढ काढून घेतली, कारण जळजळ त्या दाढेच्या आतल्या अंगाला, हिरडीत जाणवत होती. दाढ गेली, जळजळ तशीच राहिली. काढलेली दाढ कागदाच्या पुडीत बांधून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. तिला कीड नव्हती. त्या पुडीने मला जे शिकविले, तेच पुढे लिहीत आहे.

नेमके काय घडते?

बोलीभाषेत आपण रक्तवाहिनीलाही ‘नस’ म्हणतो आणि संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूलाही ‘नस’च म्हणतो. येथे प्रश्न मज्जातंतूचा आहे. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या मोठ्या मज्जातंतूच्या तीन शाखा असतात. त्यांतली सर्वांत खालची शाखा खालच्या जबड्याची. तिचे दोन फाटे आपल्या विषयाशी संबंधित आहेत. एक फाटा जबड्याच्या हाडातील बोगद्यातून जातो आणि खालचे दात, खालचा ओठ व हनुवटी यांची संवेदना वाहतो. दुसरा जिभेकडे वळतो. जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाचा स्पर्श व आतल्या बाजूच्या हिरडीची जाणीव त्याच्याकडे असते, आणि चवीचे तंतूही त्याच्याच सोबतीने जातात.

खालच्या दाढांवर काम करताना दंतवैद्य जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात, आतल्या बाजूने सुई देतात. एका सुईने अर्धा जबडा बधिर होतो. ही पद्धत नवी नाही. १८८४-८५ च्या सुमारास विल्यम हॉलस्टेड या अमेरिकन शल्यविशारदाने कोकेन वापरून ती प्रथम केली. आज आपल्याकडे सर्वत्र वापरले जाणारे लिग्नोकेन हे त्यामानाने कितीतरी सुरक्षित औषध १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झाले. मज्जातंतू डोळ्यांना दिसत नाही. हाडाच्या खुणा चाचपून, अंदाजाने त्याच्या शेजारी औषध सोडावे लागते. म्हणूनच अत्यंत कुशल हातांकडूनही क्वचित इजा होऊ शकते.

ती तीन प्रकारे संभवते. सुईचे टोक मज्जातंतूला लागते. किंवा त्याच्या आवरणात बारीक रक्तस्राव होऊन दाब पडतो. किंवा औषधाचाच तंतूंवर विपरीत परिणाम होतो. चार टक्के तीव्रतेच्या औषधांबाबत, विशेषतः आर्टिकेन व प्रिलोकेन यांच्याबाबत, हा धोका थोडा अधिक असावा असे काही पाहण्यांत दिसले आहे. त्यावर तज्ज्ञांत अजून चर्चा आहे. जिभेचा फाटा ओठाच्या फाट्यापेक्षा अधिक वेळा सापडतो. हे प्रकार किती घडतात याचे अंदाज देशोदेशी फार वेगळे आहेत; काहींच्या मते सुमारे पंचवीस हजार सुयांमागे एक, तर काहींच्या मते कित्येक लाखांमागे एक. म्हणजे धोका अल्प आहे. पण ज्याच्या वाट्याला तो येतो, त्याला या आकड्यांचा दिलासा नसतो, हेही आपण लक्षात ठेवावे.

सुई देताना झटका बसला म्हणजे कायमची इजा झालीच, असे मात्र समजू नये. असा झटका पुष्कळांना बसतो आणि त्यांतल्या बहुतेकांची बधिरता नेहमीप्रमाणे ओसरते.

पहिले तीन महिने

दुसऱ्या दिवशी सकाळीही बधिरता कायम असेल, तर संकोच न करता दंतवैद्यांना कळवावे. भांडण करण्यासाठी नव्हे, नोंद होण्यासाठी. कोणत्या तारखेला, कोणत्या दाढेसाठी, कोणते औषध, किती प्रमाणात दिले, हे लिहून घ्यावे. आपल्या उपचाराची कागदपत्रे मागणे हा रुग्णाचा हक्कच आहे आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरला त्यांचा उपयोग होतो.

त्याच आठवड्यात बधिर भागाचा ‘नकाशा’ काढून घ्यावा. डॉक्टर कापसाच्या धाग्याने, बोथट काडीने व टोकदार काडीने स्पर्श करून सीमा ठरवितात. ओठ किंवा हनुवटी असेल तर ती सीमा पेनाने रेखून मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. जिभेसाठी कागदावर आकृती पुरेशी आहे. दर महिन्याला तोच नकाशा पुन्हा काढावा. सीमा आत सरकत असेल तर सुधारणा चालू आहे. मनाला जे जाणवत नाही, ते कधी कधी कागदावर दिसते. सुधारणेचा पुरावा हाती असला की रात्रीची झोपही थोडी बरी लागते.

बहुसंख्य रुग्णांत ही बधिरता आठ ते बारा आठवड्यांत ओसरते. इजा झालेला तंतू पुन्हा वाढावा लागला तर त्याची गती साधारण दिवसाला एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम सव्वा इंच धरली जाते. वृद्धापकाळात व मधुमेहात ती आणखी मंद असू शकते. सुईच्या जागेपासून जिभेच्या शेंड्यापर्यंतचे अंतर पाहता काही महिने लागणे स्वाभाविक आहे. मधल्या काळात मुंग्या येणे, टोचल्यासारखे वाटणे, ही पुष्कळदा तंतू जागे होत असल्याची खूण असते.

दोन-तीन महिन्यांत काहीच फरक नसेल, किंवा आधीच वेदना व जळजळ सुरू झाली असेल, तर थांबू नये. मुख व जबड्याचे शल्यविशारद किंवा मुखरोगतज्ज्ञ यांना दाखवावे. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत हे विभाग आहेत. तीन महिन्यांनंतरही सुधारणा होत राहू शकते, वर्षभरही होते. परंतु पूर्ववत होण्याची शक्यता हळूहळू कमी होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. केवळ सुईमुळे झालेल्या इजेत शस्त्रक्रियेचा सहसा उपयोग होत नाही.

एक महत्त्वाचा अपवाद. बधिरता नुसत्या सुईनंतर नसून खालच्या जबड्यात इम्प्लांट बसविल्यानंतर किंवा रूट कॅनालचे भरण मुळाबाहेर गेल्यानंतर आली असेल, तर महिनेच काय, आठवडाही थांबू नये. इम्प्लांट किंवा ते द्रव्य मज्जातंतूवर दाब देत असल्यास एक-दोन दिवसांत काढण्याला फार महत्त्व असते. तीच गोष्ट अक्कलदाढ काढल्यानंतरच्या बधिरतेची. तेथे कारण वेगळे असू शकते आणि तज्ज्ञांचा सल्ला लवकर घ्यावा लागतो.

दाढ दुखते की मज्जातंतू?

बाईंची दाढ ज्या गैरसमजाने गेली, तो फार सामान्य आहे. घराची घंटा वाजविणारी तार मध्येच खराब झाली, तर दारात कोणी नसतानाही घंटा वाजते. तसेच येथे होते. इजा तंतूला असते, वेदना मात्र तो तंतू जेथे संपतो त्या दातात, हिरडीत, ओठात जाणवते. माणूस बोट ठेवून सांगतो, ‘हीच दाढ’. मग तिचे रूट कॅनाल होते, ती काढली जाते, वेदना शेजारच्या दाढेत सरकते आणि तीही जाते.

दोन्ही वेदनांत काही फरक असतात. किडक्या दाढेची वेदना ठणका मारते, गार-गरम लागले की वाढते, चावताना कळ येते, आणि एक्स-रेमध्ये कारण बहुधा सापडते. मज्जातंतूची वेदना जळजळीसारखी, चटका बसल्यासारखी किंवा विजेच्या चमकेसारखी असते. तिच्याबरोबर त्याच भागात बधिरता असते. नुसता वारा, दाढी करताना वस्तऱ्याचा स्पर्श किंवा घासातला एखादा कण तिला पुरतो. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांनी ती फारशी हलत नाही.

म्हणून माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. बधिर झालेल्या बाजूची कोणतीही दाढ केवळ वेदनेसाठी काढू नये. तपासणी व एक्स-रेत दाढेचा दोष स्पष्ट दिसला पाहिजे. शंका असल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. काढलेला दात परत बसत नाही आणि प्रत्येक नवी जखम त्या दुखावलेल्या तंतूला पुन्हा डिवचू शकते.

औषधांकडून किती अपेक्षा ठेवावी?

मज्जातंतूच्या वेदनेवर वेगळ्या वर्गातली औषधे लागतात. अमिट्रिप्टिलिन, नॉरट्रिप्टिलिन, प्रीगाबालिन, गाबापेंटिन, ड्युलॉक्सेटिन ही त्यांतली प्रमुख. यांतली काही औषधे नैराश्यावर किंवा फिट्सवरही दिली जातात. पाकिटातली चिठ्ठी वाचून ‘मला वेडाच्या गोळ्या दिल्या’ असे मानून ती टाकून देणारे रुग्ण मी पाहिले आहेत. कारण समजून घेतले म्हणजे हा गैरसमज होत नाही. वेदनेचा संदेश मेंदूपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेला ही औषधे शांत करतात. गुण दिसण्यास दोन ते चार आठवडे लागतात. ती वेदना कमी करतात. बधिरता घालवीत नाहीत.

ज्येष्ठांनी येथे विशेष जपावे. अमिट्रिप्टिलिनने तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होतो, लघवी अडू शकते. प्रोस्टेटचा त्रास, काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांचा दोष असल्यास तो डॉक्टरांना आधी सांगावा. प्रीगाबालिन व गाबापेंटिनने चक्कर येते, पाय सुजतात. मूत्रपिंडे दुबळी असतील तर मात्रा कमी करावी लागते. या गोळ्यांबरोबर झोपेची गोळी घेतली तर रात्री उठताना तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो. खुब्याचे हाड मोडणे हे मूळ दुखण्यापेक्षा भारी पडते. म्हणून अगदी अल्प मात्रेने, रात्री सुरुवात करून हळूहळू वाढवावे, आणि ही औषधे मनाने एकदम बंदही करू नयेत.

बी-१२ च्या इंजेक्शनांविषयी नेहमी विचारले जाते. शाकाहारी व्यक्ती आणि मधुमेहासाठी अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेणारे यांच्यात या जीवनसत्त्वाची कमतरता वारंवार आढळते, आणि ती असताना कोणताही मज्जातंतू नीट भरून येत नाही. तेव्हा रक्तातील बी-१२, साखर व थायरॉइड यांची तपासणी जरूर करावी आणि कमतरता असल्यास भरून काढावी. पातळी मुळात चांगली असेल, तर इंजेक्शनांच्या माळा लावून विशेष लाभ होतो, याला भक्कम पुरावा नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या तर मधुमेह्यांनी कोणाच्या ऐकीव सल्ल्याने मुळीच घेऊ नयेत.

घरगुती उपायांपैकी लवंगेचे तेल, मिश्री, गरम शेक हे तीन बधिर भागावर कटाक्षाने टाळावेत. लवंगेच्या तेलाने आणि शेकाने भाजले तरी कळत नाही, आणि मिश्रीत तंबाखू असतो.

ताट, आरसा आणि मीठ

बधिरता राहिलीच, तर तिच्यासह सुरक्षित कसे जगावे हे शिकावे लागते. काही साध्या सवयी उपयोगी पडतात.

चहा, आमटी, सूप यांचा ऊनपणा आधी चांगल्या बाजूच्या ओठाला लावून पाहावा. घास लहान घ्यावा, चांगल्या बाजूने चावावा आणि चावताना बोलू नये. मासळी खाणाऱ्यांनी काटे ताटातच निवडावेत, जिभेवर भिस्त ठेवू नये. कडक भाकरी आमटीत कुस्करावी. जेवणानंतर चूळ भरून आरशात गाल, ओठ व जिभेची कड पाहावी. अडकलेला घास, दाताने चावलेली जागा, कवळीची टोचणी, हे सारे आता डोळ्यांनी पाहावे लागते. गोळी घेतल्यावर ती खरोखर गिळली गेली की बधिर गालात राहिली, हेही बघावे. दात घासण्यास मऊ ब्रश वापरावा. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवावी. ती बधिर भागावर घासत असेल तर तिची कड दंतवैद्यांकडून गोल करून घ्यावी. कोणतीही जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत भरला नाही, तर दाखविलाच पाहिजे. तंबाखू खाणाऱ्यांनी किंवा पूर्वी खाल्लेल्यांनी तर एक दिवसही उशीर करू नये.

चवीची गोष्ट अधिक नाजूक आहे. जिभेच्या एका बाजूची चव गेली की अन्न मचूळ लागते आणि हात आपोआप मिठाकडे जातो. रक्तदाब असलेल्या व्यक्तीने वरून मीठ घेणे किंवा मधुमेह्याने चहात चमचाभर साखर वाढविणे हा या दुखण्याचा आडून येणारा तोटा आहे. मिठाची चव घरातल्या दुसऱ्या कोणी पाहावी. ज्याला आपण चव म्हणतो तिचा मोठा वाटा नाकाने घेतलेल्या गंधाचा असतो आणि तो शाबूत आहे. जिरे-हिंगाची फोडणी, ताजी कोथिंबीर, लिंबाची साल, थोडे आले यांनी जेवणात जीव येतो. दर पंधरा दिवसांनी वजन करून लिहून ठेवावे. ते उतरत असेल तर डॉक्टरांना सांगावे.

थंड वाऱ्याने ओठात कळ येत असेल तर बाहेर पडताना मफलर किंवा पदर तोंडावर घ्यावा. वेदना संध्याकाळनंतर वाढते असे पुष्कळ रुग्ण सांगतात. दिवसभराची कामे संपली की लक्ष तिच्याकडे जाते. त्या वेळेसाठी हाताला एखादे आवडीचे काम ठेवावे. ही फसवणूक नव्हे. लक्ष दुसरीकडे गुंतले की मेंदू वेदनेचा आवाज खरोखरच खाली आणतो.

घरातल्यांनी काय करावे?

या इजेचे सर्वांत अवघड अंग हे की ती दिसत नाही. प्लास्टर नाही, टाके नाहीत, सूज नाही. त्यामुळे ‘एवढ्याशा सुईने काय होते’, ‘सारखे तेच काय बोलता’, ‘वयाप्रमाणे व्हायचेच’ अशी वाक्ये सहज तोंडून निघतात. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. ऐकणारी व्यक्ती मात्र हळूहळू बोलणेच सोडते, मग पंगतीत बसणे सोडते. तोंडातून लाळ ओघळेल, घास सांडेल, शब्द चुकेल, ही धास्ती असते. सून प्रेमाने वाढते आणि सासूबाई ‘चव लागत नाही’ म्हणतात, तेव्हा दोघींचेही मन दुखावते. येथे दोष स्वयंपाकाचा नाही आणि खाणारीचाही नाही, हे घरात एकदा उघडपणे बोलले गेले पाहिजे.

दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी विचारावे, ‘आज शून्य ते दहात किती?’ आणि आकडा वहीत लिहावा. दिवसभर विचारीत राहू नये. त्याने लक्ष पुन्हा तेथेच जाते. डॉक्टरांकडे जाताना ती वही आणि नकाशा सोबत न्यावा. बोलताना शब्द अडला तर तो आपण पुरा करू नये, थांबावे. झोप उडणे, भूक मरणे, कशातच रस न वाटणे, ‘आता पुरे झाले’ असे उद्गार येणे, ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर डॉक्टरांशी बोलावे. ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. दीर्घ वेदनेने मन थकते. ‘मनामुळे वेदना होते’ असे म्हणणे म्हणजे कार्यालाच कारण समजणे होय.

पुन्हा सुई घ्यावी की नाही?

एकदा पोळलेली माणसे पुढे दंतवैद्यांकडे जाणेच टाळतात. दात किडत जातात, जंतुसंसर्ग होतो आणि त्रास वाढतो. तसे करू नये. नव्या दंतवैद्यांना पूर्वीचा प्रसंग आधी सांगावा. शक्य असल्यास त्या बाजूची तीच सुई टाळून फक्त दाताभोवती औषध सोडण्याची पद्धत वापरता येते. प्रत्येक दाढेसाठी संपूर्ण जबडा बधिर करावाच लागतो असे नाही. सुई देताना झटका बसला तर डावा हात वर करीन, असे आधीच ठरवून घ्यावे, म्हणजे दंतवैद्य सुई किंचित मागे घेऊन दिशा बदलतील. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर ती सांगावीत, पण स्वतःहून बंद करू नयेत.

या खुणांकडे दुर्लक्ष नको

सुई घेतलेली नसताना ओठ किंवा हनुवटी बधिर झाली आणि तशीच राहिली, तर तिची कसून तपासणी झाली पाहिजे. जबड्यातील किंवा शरीरातील अन्य गंभीर आजाराची ती पहिली खूण असू शकते. बधिरतेबरोबर तोंड वाकडे होणे, हाता-पायातली शक्ती जाणे, शब्द न सुचणे, असे काही अचानक झाले, तर ‘सुईचाच परिणाम असेल’ म्हणून वाट पाहू नये. तो पक्षाघात असू शकतो. ताबडतोब १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. सुईनंतर ताप, गळ्याखाली सूज, तोंड न उघडणे किंवा गिळता न येणे, हेही तातडीचे आहे.

बाईंविषयी सांगून थांबतो. ती पुडी टेबलावर ठेवली त्या दिवशी मी प्रथम त्यांची क्षमा मागितली आणि नंतर कापसाचा धागा हाती घेतला. जिभेचा नकाशा काढला. बी-१२ कमी निघाले, ते भरून काढले. रात्रीची एक अल्प मात्रेची गोळी सुरू केली. पुढच्या दीड वर्षात नकाशाची सीमा आत आली. शेंडा जागा झाला; कडेला रुपयाएवढा भाग आजही बधिर आहे आणि दिवेलागणीला तेथे थोडी जळजळ होते. ती जाईल असे मी आता सांगत नाही, आणि त्याही विचारीत नाहीत.

त्यांचे खरे दुःख वेगळे होते. रोज संध्याकाळी नातवंडांना त्या मोठ्याने वाचून दाखवीत. जीभ हलत होती, पण टाळूला कोठे लागते हे तिला कळत नव्हते, त्यामुळे ‘ळ’ नीट उमटत नसे. आयुष्यभर मुलांकडून ‘ळ’ घोटून घेतलेल्या शिक्षिकेने त्या लाजेने वाचन बंद केले होते. मी त्यांना आरशासमोर, सावकाश, रोज दहा मिनिटे वाचावयास सांगितले. ‘‘पहिलीच्या वर्गात बसवलंत मला, डॉक्टर,’’ असे त्या म्हणाल्या, पण वाचीत राहिल्या. गेल्या दिवाळीत भेटल्या तेव्हा धाकट्या नातीने तक्रार केली, की आजी फार हळू वाचते आणि गोष्ट संपतच नाही. बाई हसल्या. उजव्या बाजूचा ओठ रुमालाने टिपून त्यांनी तिला पुस्तक आणावयास सांगितले.